नॉर्थफील्डला गाडी कुठे लावायची?

अमेरिकेतल्या मराठी घरात आरव्ही भाड्याने घ्यायचा विषय निघाला की चर्चा थेट यलोस्टोनला जाऊन थांबते. तिथली उष्णोदकाची कारंजी, गवे, अस्वलं, सगळं मान्य. पण ऐन जुलैत तिथे पुढच्या आरव्हीची नंबरप्लेट पाठ होईपर्यंत रांगेत उभं राहावं लागतं. चाकांवरचं घर घेऊन दोन-तीन रात्री कुठे टेकायचं असं मला विचाराल, तर मी मिडवेस्टमधलं कॉलेजचं छोटं गाव सांगेन. गाव पायी फिरता येतं. पुस्तकांचं दुकान धड असतं. संध्याकाळी कुठे ना कुठे फुकट मैफल किंवा व्याख्यान चालू असतं आणि गावाची वेस ओलांडली की मक्याची शेतं. अट एकच. अशा गावाला जाताना नकाशा नंतर उघडायचा, आधी कॉलेजचं वेळापत्रक बघायचं.

आमचं लाडकं गाव मिनेसोटातलं नॉर्थफील्ड. मिनियापोलिसच्या दक्षिणेला सुमारे ४० मैल, वस्ती वीस हजारांच्या आसपास, मधून कॅनन नदी वाहते. जॉन नॉर्थ नावाच्या वकिलाने १८५५ मध्ये गाव वसवलं, नदीवर गिरणी आली, मागोमाग रेल्वे आली, कार्लटन कॉलेज १८६६ मध्ये आणि सेंट ओलाफ १८७४ मध्ये निघालं. गाई, कॉलेजं आणि समाधान हे गावाचं ब्रीद. इतिहास एवढा पुरे, कारण त्यातल्या सात मिनिटांवर मला बरंच बोलायचं आहे.

आधी वेळापत्रक. एका गावात दोन कॉलेजं, आणि दोघांची पंचांगं वेगळी. कार्लटनमध्ये दहा-दहा आठवड्यांची तीन सत्रं असतात. वर्ग सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतात आणि पदवीदान जूनच्या मध्याला. सेंट ओलाफचं वर्ष त्याआधी सुरू होतं आणि पदवीदान मेअखेरीस उरकतं. म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर एकाच गावात दोनदा पदवीदान, सप्टेंबरच्या आसपास दोनदा मुलांना सोडायला आलेल्या पालकांची गर्दी, शिवाय शरद ऋतूत माजी विद्यार्थ्यांचे मेळावे. हॉटेलं मोजकी, ती महिनोन् महिने आधी भरतात. आणि इथेच आरव्हीवाल्याची गंमत होते. हॉटेल भरलं तर भरू दे, आपलं घर आपल्या पाठीशी आहे, असं आपण म्हणतो; नातवाच्या पदवीदानाला निघालेले निवृत्त अमेरिकन आजी-आजोबाही नेमकं तेच म्हणतात. त्यांची आरव्ही आपल्यापेक्षा दहा फूट लांब असते आणि आरक्षण त्यांनी कधीच करून ठेवलेलं असतं.

ज्या शनिवार-रविवारी सगळं गावच ओसंडतं, तो मात्र कॉलेजच्या पंचांगात नाही. तो आहे दरोड्याचा. ७ सप्टेंबर १८७६ रोजी दुपारी आठ घोडेस्वार गावात शिरले. जेसी जेम्स, त्याचा भाऊ फ्रँक, कोल, जिम आणि बॉब हे तिघे यंगर बंधू आणि आणखी तिघे. मिसुरीहून इतक्या लांब येऊन त्यांना फर्स्ट नॅशनल बँक लुटायची होती. बँकेत त्या दिवशी खजिनदाराचं काम जोसेफ ली हेवूड बघत होता. तिजोरी उघड म्हणून त्याला मारलं, गळ्यावर सुरी धरली, कानाजवळ गोळी झाडली. त्याने ती उघडली नाही. बाहेर गावकऱ्यांना सुगावा लागला. ए. आर. मॅनिंग हा लोखंडी सामानाचा दुकानदार बंदूक घेऊन रस्त्यावर आला. हेन्री व्हीलर नावाचा सुट्टीवर आलेला वैद्यकीचा विद्यार्थी समोरच्या इमारतीतून नेम धरून बसला. सात मिनिटांत खेळ खलास झाला. दरोडेखोरांपैकी दोघे रस्त्यातच पडले. हेवूडला जाता जाता गोळी घालण्यात आली. निकोलस गुस्ताफसन हा नुकता आलेला स्वीडिश माणूसही गोळी लागून काही दिवसांनी गेला. रस्त्यावरून हटा असं ओरडून सांगितलेलं इंग्रजी त्याला कळलं नव्हतं. टोळीच्या हाती आलं २६ डॉलर ७० सेंट.

मला यातला सगळ्यात चटका लावणारा तपशील तिजोरीचाच वाटतो. बाहेरच्या खोलीचं जाड दार लोटलेलं होतं, आतली तिजोरी कुलूपबंद नव्हतीच. दरोडेखोरांनी हात लावून बघितलंच नाही. दुसरा तपशील व्हीलरचा. मेलेल्या दरोडेखोरांची प्रेतं त्याने मिशिगनला आपल्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीरविच्छेदनासाठी नेली! विद्यार्थी असावा तर असा. पुढे दोन आठवड्यांनी मडेलिया गावाजवळ यंगर बंधू पकडले गेले, जेम्स बंधू निसटले. बँकेची इमारत आजही जागेवर आहे. तिथे गावाच्या इतिहास मंडळाचं संग्रहालय आहे आणि ते बघितल्याशिवाय गाव सोडू नये.

तर या पराभवाचा उत्सव १९४८ पासून दर सप्टेंबरात होतो. 'डिफीट ऑफ जेसी जेम्स डेज' असं त्याचं नाव आहे आणि लेबर डेच्या नंतरच्या शनिवार-रविवारी तो रंगतो. घोडे, बंदुका, धूर, मिरवणूक, जत्रेतले पाळणे आणि त्याच जुन्या इमारतीसमोर दरोड्याचं नाट्य. जगात बहुतेक ठिकाणी डाकूचा उत्सव करतात, इथे डाकू हरला म्हणून करतात, ही गोष्ट मला मनापासून आवडते. नाट्य बघायला मुलांना पुढे बसवा आणि त्यांचे कान झाकायची तयारी ठेवा, बारांचा आवाज खराखुरा असतो.

आता मुक्काम. गावापासून ११-१२ मैलांवर, आग्नेयेला, नर्स्ट्रँड बिग वुड्स हे राज्य सरकारचं उद्यान आहे, त्यातलं कॅम्पग्राउंड आमचं ठरलेलं ठिकाण. मिनेसोटाच्या उद्यानांत आरक्षण १२० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. उत्सवासाठी यायचं असेल तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात चहा घेऊन लवकर बसायला हवं. आरक्षण करताना दोनच गोष्टी नीट वाचायच्या. एक, त्या जागेवर किती फुटांची गाडी मावते. दोन, वीज आहे की नाही. झाडाखालची सुंदर जागा तंबूसाठी असते आणि फोटोत ते कळत नाही. उद्यानात शिरायचा वाहनपरवाना वेगळा काढावा लागतो. नर्स्ट्रँड भरलं असेल तर वॉटरव्हिलजवळचं साकाटा लेक उद्यान बघा. ते जरा लांब पडतं, पण तळ्याकाठी आहे.

घरून जळणासाठी लाकडं मात्र नेऊ नका. ॲश झाडं पोखरणारा एक हिरवा आशियाई भुंगा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि २००९ मध्ये मिनेसोटात पोचला. तो लांबचा प्रवास करतो तो आपल्यासारख्यांच्या डिकीतल्या सरपणातून. म्हणून उद्यानात मान्यताप्राप्त विक्रेत्याचंच लाकूड चालतं. महाग पडतं, पण घ्यावं.

नर्स्ट्रँडचं हे रान म्हणजे एकेकाळी दक्षिण मिनेसोटात पसरलेल्या घनदाट मेपल-बासवुडच्या जंगलाचा उरलेला तुकडा. बाकीचं जंगल शेतांनी गिळलं. इथे एप्रिलच्या शेवटी एक फूल फुलतं, मिनेसोटा ड्वार्फ ट्राउट लिली. ते या राज्यातल्या दोन-तीन काउंट्या सोडल्या तर जगात कुठेही उगवत नाही. फॅरिबो गावातल्या शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मेरी हेजेस यांना ते १८७० मध्ये दिसलं. त्यांनी ते हार्वर्डला एसा ग्रे यांच्याकडे पाठवलं आणि त्यांनी पुढच्या वर्षी त्याला शास्त्रीय नाव दिलं. फूल करंगळीच्या नखाएवढं असतं. त्याला बी जवळजवळ धरत नाही. फुललेलं रोप जमिनीखालून एक फाटा काढतं, त्यातून पुढचं रोप. म्हणजे पावलाखाली एक रोप चिरडलं तर त्या ओळीचा वंशच संपला. वाट सोडू नका अशी पाटी तिथे उगाच लावलेली नाही. मला ते फूल पहिल्यांदा दाखवलं उद्यानातल्या एका स्वयंसेवक बाईंनी. गुडघ्यावर बसून त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने दिशा दाखवली, आणि तरी मला बराच वेळ नुसती पानंच दिसत होती. हिडन फॉल्स नावाचा धबधबाही आहे, पण ठोसेघर बघितलेल्या माणसाने अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात.

आता माझा जीव ज्यात अडकला आहे त्या विषयाकडे येतो, तो म्हणजे वीज आणि टाक्या. कॅम्पग्राउंडवर संध्याकाळी लोक सूर्यास्त बघतात, मी लोकांचे प्लग बघतो. इथल्या भाड्याच्या मध्यम आरव्हीला ३० अँपिअरची जोडणी असते. १२० व्होल्टने गुणा, झाले ३६०० वॅट. गाडीच्या छतावरचा एसी एकटाच १२ ते १४ अँपिअर खातो. मायक्रोवेव्ह जेवण गरम करताना १३. पाणी तापवायची कॉइल १२. विजेची किटली आणखी १२-१३. सकाळी सातला एसी चालू, कोणी आंघोळीला गेलं, कोणी चहाला किटली लावली की खटकन अंधार. म्हणून आमच्या गाडीत एक घोषणा असते: 'किटली!' ती ऐकली की कोणीतरी उठून एसी बंद करतं. त्यापेक्षा सोपा उपाय गॅसचा. शेगडी प्रोपेनवर चालते, तिच्यावर कुकरच्या तीन शिट्ट्या निवांत होतात आणि विजेचा प्रश्नच येत नाही. पुण्याहून आणलेला मिक्सर मात्र घरीच ठेवा, तो २३० व्होल्टचा. चटणी वाटून डब्यात न्यावी.

मोठ्या गाड्यांना ५० अँपिअर लागतं, आणि इथे नवख्यांची हमखास गफलत होते. तीसवरून पन्नास म्हणजे दुपटीपेक्षा कमी, असं वाटतं. प्रत्यक्षात ५० अँपिअरच्या खांबातून पन्नास-पन्नासच्या दोन वेगळ्या वाहिन्या येतात, म्हणजे १२,००० वॅट, तिपटीहून जास्त. खांबात तीसचा प्लग नसेल तर दोन टोकांचा एक आखूड अडॅप्टर मिळतो. तो गाडीत असलाच पाहिजे. आणि प्लग लावताना आणि काढताना खांबावरचं बटण आधी बंद, एवढं तरी करा.

फ्रिजचं प्रकरण त्याहून मजेदार. बऱ्याच आरव्हींमधला फ्रिज अमोनियावर चालतो. त्यात कॉम्प्रेसर नाही. खाली बारीक ज्योत किंवा हीटर असतो आणि द्रव गुरुत्वाकर्षणाने आपोआप खाली उतरतो. गाडी तिरकी उभी असली तर द्रव मध्येच साचतो, फ्रिज थंड होत नाही आणि फार काळ तसाच चालवला तर कायमचा बिघडतो. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर पहिलं काम चाकांखाली ठोकळे ठेवून गाडी सपाट करणं. जमिनीवर बुडबुड्याची पट्टी ठेवायची आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत गाडी इंचाइंचाने पुढे-मागे. हे काम नवरा-बायकोने मिळून करायचं असतं, म्हणजे बाकी कॅम्पग्राउंडची करमणूक होते. नवीन गाड्यांत बॅटरीवरचा कॉम्प्रेसरचा फ्रिज येतो, त्याला हे नखरे नाहीत.

आणि टाक्या. पंचवीस फुटी गाडीत साधारण तीन टाक्या: चाळीसेक गॅलन चांगलं पाणी, तीसेक गॅलनची ग्रे टाकी सिंक आणि आंघोळीसाठी, तेवढीच ब्लॅक टाकी संडाससाठी. सरकारी उद्यानांत बऱ्याच जागांवर वीज मिळते, नळ आणि गटार जागेवर नसतं. म्हणजे येतानाच नळावर पाणी भरून घ्यायचं आणि जाताना डंप स्टेशनवर रिकामं करायचं. मधले दिवस टाकीच्या मर्यादेत जगायचं. आरव्हीचा शॉवर मिनिटाला दीड-दोन गॅलन सोडतो. दहा मिनिटं उभे राहिलात तर निम्मी टाकी संपली. इथे आपलं शिक्षण कामी येतं. एक बादली, एक लोटा. पंधरा लिटरमध्ये, म्हणजे चार गॅलनमध्ये, केसांसकट आंघोळ होते आणि चौघांच्या दोन दिवसांच्या आंघोळी टाकीत बसतात. शेजारच्या आरव्हीतले आजोबा आम्हाला रोज विचारत, तुमचं पाणी कसं पुरतं? शेवटी त्यांना लाल प्लॅस्टिकचा लोटा दाखवला. त्यांनी तो हातात फिरवून बघितला आणि कुठे मिळतो ते लिहून घेतलं.

ब्लॅक टाकीबद्दल बोलायला लोक लाजतात. मी लाजत नाही. तिचा शत्रू पाणी नसून कागद. पाणी कमी आणि कागद जास्त झाला की तळाशी ढीग बसतो आणि मग कुठलंही रसायन त्याला हलवू शकत नाही. आपल्याकडे पाण्याने धुण्याची सवय, त्यामुळे टाकी भरते लवकर, पण रिकामीही साफ होते. झडप मुक्कामभर बंद ठेवायची. गटाराची सोय असलेल्या खासगी कॅम्पग्राउंडवर लोक ती उघडी ठेवतात आणि पाणी वाहून जाऊन घन तसंच मागे राहतं. निघायच्या दिवशी हातमोजे घालायचे, तीन इंची पाइप पाव वळसा देऊन घट्ट बसवायचा, आधी ब्लॅक सोडायची, मग ग्रे. साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा, पांढरा, आणि तो या कामाच्या आसपासही फिरकता कामा नये. पॅनेलवरचे दिवे टाकी दोन-तृतीयांश भरली आहे असं सांगत असतील तर त्यांच्यावर फार विश्वास ठेवू नका. आतल्या खिळ्यांना काहीतरी चिकटलं की ते तसेच पेटून राहतात.

ग्रे टाकीला मराठी स्वयंपाक सोसत नाही, हेही सांगून टाकतो. आमटीचा तळ, फोडणीचं तेल, भाताची पेज आत गेली की उन्हात दुसऱ्या दिवशी सिंकमधून जो वास येतो त्याला तोड नाही. ताटं आधी कागदाने पुसून मग धुवायची.

गावात जायचा दिवस कोणता, हा प्रश्न आरव्हीवाल्याला फार महत्त्वाचा. मागे छोटी गाडी ओढून आणली नसेल तर गावात जाणं म्हणजे प्लग काढा, ठोकळे काढा, कपाटं बंद करा आणि अख्खं घर घेऊन निघा. म्हणून गाव येत्या किंवा जात्या दिवशी उरकावं आणि मधला दिवस रानासाठी मोकळा ठेवावा. आंतरराज्य मार्ग ३५ वरून १९ नंबरच्या रस्त्याने पूर्वेला आलं की गाव लागतं. वाऱ्याची दिशा बरोबर असली तर गाव दिसण्याआधी नाकाला कळतं. मॉल्ट-ओ-मील या न्याहारीच्या लाह्या-पिठाच्या कारखान्याचा भाजक्या धान्याचा गोड वास अख्ख्या गावावर असतो. मला त्या वासाने दरवेळी लाडवाची भाजणी आठवते. डिव्हिजन स्ट्रीटवर आरव्ही घुसवायच्या फंदात पडू नका, जरा लांब मोकळ्या रस्त्याला लावून चालत या. नदीवरचा बांध आणि एम्स मिल बघा. पाय शाबूत असतील तर कार्लटनच्या अर्बोरेटममध्ये जा. ते ८८० एकर आहे, सगळ्यांना खुलं आहे आणि त्यात पुन्हा रुजवलेलं मूळचं माळरान आहे. कार्लटनची गुडसेल वेधशाळा १८८७ ची. एकेकाळी रेल्वेगाड्यांची घड्याळं इथल्या वेळेवर लावत.

मराठी माणूस या गावाचं देणंही लागतो. एलिनॉर झेलियट कार्लटनमध्ये १९६९ ते १९९७ इतिहास शिकवत होत्या. आयोवात जन्मलेल्या या क्वेकर बाईंनी डॉ. आंबेडकर आणि महार चळवळीवर पीएच.डी. केली, ज्या काळात अमेरिकेतल्या फार थोड्या विद्यापीठांत हा विषय कोणी हाती घेत होतं. 'फ्रॉम अनटचेबल टू दलित' हा त्यांच्या लेखांचा संग्रह १९९२ चा. चोखामेळा, एकनाथ, दलित कविता हे त्यांचे जिव्हाळ्याचे विषय. त्या २०१६ मध्ये गेल्या. मिडवेस्टमधल्या कॉलेजांच्या संघाने पुण्यात वर्षानुवर्षं अभ्यासक्रम चालवला. मुलं पुण्यातल्या घरांत राहून मराठी शिकत, आणि कार्लटन आणि सेंट ओलाफ दोन्ही त्या संघात आहेत. त्यामुळे या मक्याच्या प्रदेशात मराठी कधी कानावर पडेल सांगता येत नाही. गावातल्या एका कॅफेत आम्ही बिलावरून वाद घालत असताना शेजारच्या टेबलावरच्या पांढऱ्या केसांच्या बाई हसायला लागल्या आणि म्हणाल्या, 'काका, त्यांना देऊ द्या.' तरुणपणी त्या सदाशिव पेठेत एका घरी राहिल्या होत्या. पुढचा तासभर आम्हाला तिथल्या वाड्यांबद्दल त्यांनीच सांगितलं. वाडे आता पडले आहेत हे आम्ही त्यांना हळूच सांगितलं. त्यांना ते माहीत होतं.

हिवाळ्याचं म्हणाल, तर सेंट ओलाफचा ख्रिसमस महोत्सव १९१२ पासून चालू आहे. पाच गायकवृंद आणि वाद्यवृंद एका मंचावर येतात आणि तिकिटं लगेच संपतात. आरव्ही घेऊन जायची ती वेळ नव्हे. तोवर नळ्यांमधलं पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ भरलेलं असतं, नाहीतर थंडी एका रात्रीत नळ्या फोडते. महोत्सवासाठी सरळ हॉटेल घ्यावं. तेही ऑगस्टपासून शोधायला लागा, कारण आजी-आजोबा तिथेही आपल्या आधी पोचलेले असतात.